द क्युअरचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’: समीक्षकांनी केलेले कौतुक कितपत योग्य?

रामबागकर

द क्युअर या इंग्रजी बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा चौदावा स्टुडिओ अल्बम १ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. त्याच्या आधीचा ‘४:१३ ड्रीम’ २००८ सालचा, म्हणजे मध्ये सोळा वर्षे गेली. नव्या अल्बमची परीक्षणे मी सुरुवातीपासून वाचत आलो आहे आणि त्यांतली जवळजवळ सगळी मुक्तकंठाने स्तुती करणारी आहेत. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर तो सर्वांत वरच्या श्रेणीत जाऊन बसला, आणि ब्रिटनच्या अल्बमांच्या यादीत १९९२ च्या ‘विश’नंतर प्रथमच या बँडला पहिला क्रमांक मिळाला.

अल्बम मलाही अतिशय आवडतो, तेव्हा माझी तक्रार स्तुतीबद्दल नाही. ती स्तुतीच्या रीतीबद्दल आहे. बहुतेक परीक्षणांचा निष्कर्ष एकच आहे: १९८९ च्या ‘डिसइंटिग्रेशन’नंतरचे हे त्यांचे सर्वोत्तम काम. २०२३ मध्ये रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ आला तेव्हाही असेच झाले होते. त्या वेळी मोजपट्टी १९८१ च्या ‘टॅटू यू’ची होती, एवढाच फरक. जुन्या बँडने नवे काही केले की ते जुन्या फडताळात कोणत्या खणात ठेवायचे याचीच चर्चा होते, आणि त्या कामात आहे काय हे सांगायला जागाच उरत नाही.

उदाहरण देतो. ‘अलोन’ हे पहिले गाणे पावणेसात मिनिटांचे आहे आणि बँडचा गायक आणि गीतकार रॉबर्ट स्मिथचा आवाज त्यात तीन मिनिटे उलटून गेल्यावर येतो. ‘एंडसाँग’ हे शेवटचे गाणे दहा मिनिटांहून मोठे आहे आणि त्यात गायक पहिली सहा मिनिटे गातच नाही. गाण्याचे पहिले काही सेकंद ऐकून पुढच्या गाण्यावर जाण्याची सवय लागलेल्या काळात एखाद्या बँडने इतका वेळ का घेतला असेल आणि त्या वेळात नेमके काय घडते, हा माझ्या मते या अल्बमविषयीचा पहिला प्रश्न आहे. अतिसंथ ख्याल गाणाऱ्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात वाढलेल्या श्रोत्याला तो सहज सुचावा. परीक्षणांत मात्र संथ, भव्य, विषण्ण अशी दोन-तीन विशेषणे येतात आणि लेखक पुढे निघून जातो.

म्हणून सर्वांना विचारतो: समीक्षकांनी चांगल्या अल्बमचे भलत्याच कारणासाठी कौतुक केले आहे का? की हे कौतुक मुळात सोळा वर्षांच्या प्रतीक्षेचेच आहे?

नादवेडी

प्रतीक्षेचा वाटा आहेच. इतक्या वर्षांनी आलेला अल्बम निदान वाईट नाही, याचाच आनंद अनेक परीक्षणांत ओसंडून वाहताना दिसतो. तरीही ‘अलोन’बद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते पूर्णपणे पटले. आवाज येण्यापूर्वीची ती तीन मिनिटे काढून टाकली, तर उरलेल्या गाण्याचा भार निम्मादेखील राहत नाही.

पलासियाचा बेस

मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. ‘डिसइंटिग्रेशन’ची आठवण समीक्षकांनी बाहेरून आणून चिकटवलेली नाही; ती या अल्बमच्या घडणीतच आहे. रॉजर ओडॉनेलचे कीबोर्ड तिकडेही होते आणि इकडेही आहेत. सायमन गॅलपची बेस गिटार, म्हणजे बेस, तिकडेही गाण्याची मुख्य सुरावट सांभाळत होती आणि इथेही सांभाळते. ‘अ फ्रॅजाइल थिंग’मध्ये गिटार बाजूला ठेवून केवळ बेस आणि पियानो ऐका, अख्खे गाणे त्या दोघांवर उभे आहे. सहनिर्माता पॉल कॉर्केट हा २००० सालच्या ‘ब्लडफ्लॉवर्स’वर काम केलेला माणूस आहे.

शिवाय आपल्या कामातली ही साखळी स्मिथनेच दाखवून दिलेली आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये बर्लिनला या बँडने ‘पोर्नोग्राफी’, ‘डिसइंटिग्रेशन’ आणि ‘ब्लडफ्लॉवर्स’ हे तीन अल्बम ओळीने, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सादर केले आणि त्याला त्रयी म्हटले. ज्या कलावंताने स्वतःच्या कामाची अशी वंशावळ मांडली, त्याच्या पुढच्या कामाकडे समीक्षकाने त्याच वंशावळीतून पाहिले, तर दोष कोणाला द्यायचा?

मल्हारगंज तबला

रामबागकरांनी खाँसाहेबांचे नाव काढले म्हणून लिहितो. रॉक संगीत मी मुलामुळे ऐकू लागलो. माझे आयुष्य तबल्यावर गेले असल्यामुळे मला पहिल्यांदा तालच ऐकू येतो.

अमीर खाँसाहेबांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल अनेकदा झुमऱ्यात असे. चौदा मात्रांचा ताल, आणि लय इतकी संथ की नवख्या तबलजीच्या मनातून दोन मात्रांमधले अंतरच निसटून जावे. त्यांना साथीला साधा ठेका हवा असे. भरणा नको, तिहाया नकोत, आपली हुशारी दाखवणे नको. ठेका नुसता स्थिर ठेवायचा आणि गायकाला मोकळी जागा द्यायची. हे सर्वांत अवघड काम आहे, कारण हात शिवशिवत असतात.

‘एंडसाँग’मध्ये बँडचा ढोलवादक जेसन कूपर नेमके हेच करतो. टॉम-टॉमवरचा एक जड आकृतिबंध तो लावतो आणि गाणे चढत जाते तरी स्वतः चढत नाही. कीबोर्डचे थर वाढतात, रीव्हज गॅब्रेल्सची गिटार अस्वस्थ होत जाते, पण ढोल आपली जागा सोडत नाहीत. ती सहा मिनिटे रिकामी वाटत नाहीत याचे कारण मला तिथे सापडले. वाचनात आलेल्या परीक्षणांत गॅब्रेल्सबद्दल पुष्कळ होते, कूपरबद्दल एखादेच वाक्य होते, आणि हे मला खरोखर खटकले.

यशवंतनिवास

मल्हारगंज तबला यांच्या कानाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की ही तुलना मला मान्य नाही. विलंबित ख्यालातला वेळ हा बढतीचा, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने फुलवण्याचा, वेळ असतो. खाँसाहेब मेरुखंडाच्या, म्हणजे स्वरांचे क्रम पालटत जाण्याच्या, अंगाने स्वरांची एकेक रचना उलगडत जातात, प्रत्येक आवर्तनात समेवर येण्याची वाट निराळी असते, आणि पुढे काय येणार हे बऱ्याच अंशी गातानाच ठरत असते. ‘अलोन’च्या प्रस्तावनेत एक ठरलेले स्वरचक्र पुन्हा पुन्हा येते. ते आधी बांधलेले आहे, ध्वनिमुद्रित होऊन गोठलेले आहे आणि त्यात फक्त थर वाढतात. पहिल्या ठिकाणी राग उलगडतो, दुसऱ्या ठिकाणी वातावरण दाट होते. दोन्ही संथ आहेत एवढ्यावरून त्यांना एका पंक्तीत बसवले, तर आपणही समीक्षकांसारखेच ओळखीच्या खुणेवर विसंबल्यासारखे होईल.

खाँसाहेबांच्या शैलीत तरी केवळ संथपणा कुठे आहे? विलंबिताचा ढंग अब्दुल वहीद खाँसाहेबांचा, मेरुखंडाची दृष्टी भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांची, आणि तानांवर आपल्या शेजारच्या देवासच्या रजब अली खाँसाहेबांची छाया. त्या संथपणाच्या पोटी द्रुताची, म्हणजे जलद लयीची, ओढ असते. या अल्बममध्ये द्रुत येतच नाही.

मल्हारगंज तबला

@यशवंतनिवास, बढतीविषयी तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे. माझे बोलणे साथीदाराच्या संयमापुरतेच होते आणि त्या मुद्द्यावर मी ठाम आहे.

सुदामानगर

सगळे स्तुतीच करत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. या अल्बमचे ध्वनिमिश्रण दाट आहे, माझ्या मते गरजेपेक्षा जास्त दाट. ‘वॉरसाँग’ आणि ‘ड्रोन:नोड्रोन’ चांगल्या स्पीकरवर ऐकल्यावरही गिटार कुठे संपते आणि कीबोर्ड कुठे सुरू होतो ते कळत नाही. सगळे एकाच उंचीवर एकमेकांना रेटत राहते. हळू आणि मोठा आवाज यांतले अंतर आवळून टाकले की सुरुवातीला कान दबून जातो, पण काही वेळाने तोच कान थकतो. ‘डिसइंटिग्रेशन’मध्येही पुष्कळ थर होते, मात्र प्रत्येक थराभोवती हवा होती.

समीक्षकांनी या बाबतीत जवळजवळ मौन पाळले आहे आणि माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. आशयाबद्दल लिहिताना लेखणीला पंख फुटतात, पण ज्या ध्वनीतून तो आशय पोचायचा त्याबद्दल चार ओळी लिहायला कोणी तयार नसते. हाफ-स्पीड पद्धतीने, म्हणजे निम्म्या वेगाने खाचा कोरून, कापलेली दोन तबकड्यांची आवृत्ती मित्राच्या घरी ऐकली. ती बरीच मोकळी वाटली. ज्यांच्याकडे टर्नटेबल आहे त्यांनी तीच घ्यावी.

नादवेडी

@सुदामानगर, ‘वॉरसाँग’पुरता तो दाटपणा मला हेतुपुरस्सर वाटतो. सुरुवातीचा तो पेटीसारखा घुसमटलेला सूर आणि नंतरचा कोलाहल हे गाण्याच्या विषयाला साजेसे आहे. बाकी ठिकाणी तुमचे म्हणणे मान्य.

क्षिप्रा

लय, मिश्रण, वंशावळ हे सगळे वाचले आणि आवडलेही. पण हा अल्बम ज्या गोष्टीबद्दल आहे, तिच्याविषयी या धाग्यात अजून कोणी बोललेले नाही.

या गाण्यांच्या मागच्या वर्षांत स्मिथची आई, वडील आणि थोरला भाऊ रिचर्ड गेले. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे गाणे थेट त्या भावाबद्दल आहे. गडगडाट होतो, पियानोची छोटी सुरावट सुरू होते, आणि मग अगदी साध्या शब्दांत तो घडले ते सांगतो. ‘अँड नथिंग इज फॉरेव्हर’मागे एका अत्यवस्थ व्यक्तीला दिलेले आणि पाळता न आलेले वचन आहे, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. सगळी गाणी त्याने एकट्याने लिहिली आहेत. १९८५ च्या ‘द हेड ऑन द डोअर’नंतर असे प्रथमच घडले. बँडमध्ये इतके चांगले वादक असताना लिहिण्याचे काम त्याने एकट्याने करावे, यामागे मला केवळ योगायोग दिसत नाही.

काही परीक्षणांत या शब्दांना फार सरळ, फार उघड म्हटलेले वाचले तेव्हा मला वाईट वाटले. ‘अलोन’ची पहिली ओळ अर्नेस्ट डाउसन या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कवीच्या कवितेवरून आलेली आहे, म्हणजे अलंकृत भाषा त्याला परकी नाही. असे असूनही भावाच्या गाण्यात त्याने ती जवळ येऊ दिलेली नाही. आपल्या माळव्यात निर्गुणी भजने गाणारे नाथपंथी जोगी देह सोडून जाणाऱ्या जिवाबद्दल असेच रोखठोक बोलतात, आणि कुमारजींनी (कुमार गंधर्वांनी) देवासला राहून ती भजने ऐकली तेव्हा त्यांनाही त्यातला हा उघडेपणाच भावला असावा, असे मला वाटते. माझा भाऊ गेला त्या काळात मला भेटायला आलेल्यांपैकी जे कमी आणि साधे बोलले त्यांचेच शब्द लक्षात राहिले आहेत. शोकाच्या गाण्याला साधेपणाबद्दल गुण कापणारा समीक्षक काय शोधत असतो, हे मला समजत नाही.

यशवंतनिवास

क्षिप्राताई, तुमच्या या लेखनाला उत्तराची गरज नाही. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ आज पुन्हा ऐकेन.

देवास नाका

‘ड्रोन:नोड्रोन’बद्दल चांगले बोलणारे कोणी आहे की नाही? आपल्या बागेवर घिरट्या घालणाऱ्या कॅमेऱ्याच्या ड्रोनमुळे स्मिथला ते सुचले होते. गॅब्रेल्सची वाह-वाह गिटार अल्बममध्ये इतकी मोकळी दुसरीकडे कुठेच सुटलेली नाही. शोकाच्या मध्यभागी हा चिडका माणूस दिसतो म्हणून मला ते गाणे महत्त्वाचे वाटते.

पलासियाचा बेस

चांगले बोलणारा मी आहे. गॅब्रेल्सने इंग्रजी गायक डेव्हिड बोवीबरोबर अनेक वर्षे काम केले आणि त्या काळातला कर्कशपणा या गाण्यात कामी आला आहे. मात्र अल्बमच्या क्रमात हे गाणे ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’च्या लगेच आधी येते, आणि तो सांधा माझ्या कानाला आजही खडबडीत लागतो.

पहिल्यांदाच ऐकले

रामबागकरकाका, मी विद्यार्थी आहे, शिक्षणासाठी इंदुरात राहतो, आणि हा अल्बम येईपर्यंत द क्युअरचे एकही गाणे मी लक्षपूर्वक ऐकलेले नव्हते. तेव्हा प्रतीक्षेचा किंवा जुन्या आठवणींचा माझ्याबाबतीत प्रश्नच येत नाही, आणि म्हणूनच माझे मत कदाचित इथे उपयोगी पडेल.

‘अलोन’ सुरू झाल्यावर मला वाटले की हे वाद्यसंगीतच आहे. आवाज आला तेव्हा मी दचकलो, कारण तो आवाज पासष्टीच्या माणसाचा वाटत नव्हता. ‘एंडसाँग’ने मला पूर्ण जिंकले. ‘वॉरसाँग’ आणि ‘ऑल आय एव्हर ॲम’ ही दोन गाणी मात्र फारशी पोचली नाहीत. दुसऱ्याची तालाची सुरुवात सुंदर आहे, पण चाल तिच्याइतकी पुढे जात नाही. समीक्षकांनी आठही गाण्यांना सारखेच डोक्यावर घेतले आहे, ते मला पटत नाही. एका गोष्टीबद्दल विचारायचे होते: परीक्षणे नीट समजण्यासाठी ‘डिसइंटिग्रेशन’ आधी ऐकणे आवश्यक आहे का?

रामबागकर

तुमच्या मताचा फार उपयोग झाला, कारण माझ्या दुसऱ्या प्रश्नाला त्यामुळे एक चोख उत्तर मिळाले. ज्याने वाटच पाहिलेली नाही त्यालाही ‘एंडसाँग’ जिंकून घेत असेल, तर सगळे श्रेय प्रतीक्षेला देता येणार नाही. ‘डिसइंटिग्रेशन’ जरूर ऐका, पण परीक्षणे समजावीत म्हणून नको. तो स्वतःच्या बळावर ऐकण्याजोगा आहे.

जुन्या कात्रणांचा संग्राहक

समीक्षकांची बाजू थोडी मांडावीशी वाटते, कारण त्यांची कामाची पद्धत लक्षात घेतली नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल. अल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वी काही दिवस त्यांना ऐकायला मिळतो आणि प्रसिद्धीच्या सुमारास परीक्षण छापून यावे लागते. एवढ्या वेळात फारशी श्रवणे होत नाहीत. ज्या अल्बममध्ये गाणी सुरू व्हायलाच मिनिटे लागतात तो मुरायला आठवडे लागणार, हे उघड आहे. हाती वेळ नसला की लिहिणारा मोजपट्टी शोधतो, आणि जुना गाजलेला अल्बम ही सर्वांत जवळची मोजपट्टी असते. पहिल्या आठवड्यातले परीक्षण बातमीसारखे वाचावे आणि निवाडा पुढच्या वर्षांवर सोडावा.

याच बँडचा इतिहास पाहा. १९८२ मध्ये ‘पोर्नोग्राफी’ आला तेव्हा ब्रिटिश संगीत साप्ताहिकांत त्याची फारशी बरी संभावना झाली नव्हती. विक्री ठीक झाली, अल्बम यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला, पण लिहिणाऱ्यांना तो निराशेचा अतिरेक वाटला. आज त्याच अल्बमचे नाव घेतल्याशिवाय त्या काळच्या रॉकचा इतिहास पुरा होत नाही. उलट दिशेचे उदाहरण बोवीच्या ‘ब्लॅकस्टार’चे. तो ८ जानेवारी २०१६ ला आला आणि दोन दिवसांनी बोवी गेला. आधी लिहिलेली परीक्षणे चांगलीच होती, पण त्या दोन दिवसांनंतर तीच गाणी सर्वांना निराळी ऐकू येऊ लागली. अल्बमचा एक सूरही बदललेला नव्हता. ऐकणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट बदलली होती.

स्मिथच्या अल्बमबाबत ती गोष्ट सुरुवातीपासूनच माहीत होती. आई, वडील आणि भावाच्या मृत्यूची पार्श्वभूमी मुलाखतींतून आधीच सर्वांसमोर आलेली होती, आणि अशा वेळी प्रतिकूल लिहिणे समीक्षकाला जड जाते. क्षिप्राताईंच्या मताचा मी आदर करतो. तरी सुदामानगर यांनी ध्वनिमिश्रणाबद्दल जे लिहिले तसे काही कोणी फारसे छापले नाही, त्यामागे हा संकोच असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही.

पलासियाचा बेस

यात एक भर. या आठांपैकी पाच गाणी २०२२ आणि २०२३ च्या दौऱ्यांत रंगमंचावर वाजलेली होती. ‘अलोन’ आणि ‘एंडसाँग’ तर दौऱ्याच्या पहिल्याच मैफलीत, रिगा इथे. ज्या समीक्षकांनी त्या मैफली ऐकल्या होत्या, त्यांना ही गाणी मुरायला दोन वर्षे मिळालेली होती. घाईचा दाखला सर्वांनाच लागू करता येणार नाही.

सानंदचा जुना सभासद

मैफलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. प्रकाशनाच्याच दिवशी लंडनच्या ट्रॉक्सी या सभागृहात त्यांनी संपूर्ण अल्बम क्रमाने वाजवला आणि पुढे जुनी गाणी घेत एकूण ३१ गाण्यांची मैफल केली. ती यूट्यूबवर थेट दाखवली गेली. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण आम्ही काही मित्र एकत्र बसून ती शेवटपर्यंत पाहिली.

ध्वनिमिश्रणाबद्दलचा वाद तिथे आपोआप मिटतो, असे माझे मत आहे. रंगमंचावर तीच गाणी श्वास घेतात. गॅलपचा बेस एका बाजूला स्पष्ट ऐकू येतो, स्मिथ गात नसतो तेव्हा तो काय करतो हे दिसते, आणि ‘एंडसाँग’मधली ती सहा मिनिटे डोळ्यांसमोर घडतात. आम्ही इंदूरचे लोक नाटक आणि मैफल पाहत मोठे झालो आहोत. कलावंत न बोलता रंगमंचावर उभा असतो तेव्हाही प्रयोग चालूच असतो, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. समीक्षकांपैकी ज्यांनी त्या मैफलीबद्दल लिहिले, त्यांचे लेखन मला अल्बमच्या परीक्षणांपेक्षा कितीतरी सरस वाटले.

सुदामानगर

मैफल उत्तम होती हे मान्य आहे, पण तिच्यामुळे वाद मिटत नाही, उलट माझा मुद्दा सिद्ध होतो. तीच माणसे, तीच गाणी, आणि तिथे हवा आहे. मग अल्बममध्ये ती का नसावी?

पहिल्यांदाच ऐकले

‘डिसइंटिग्रेशन’ ऐकला. काका, एक गोष्ट विचारायची राहवत नाही. तुम्ही लांब प्रस्तावनांबद्दल लिहिले होते, पण ‘प्लेनसाँग’ या तिथल्या पहिल्याच गाण्यात आवाज अडीच मिनिटांनंतर येतो, आणि पुढच्या ‘पिक्चर्स ऑफ यू’मध्येही दोन मिनिटांच्या आसपास वाट पाहावी लागते. म्हणजे ही पद्धत जुनीच आहे ना? मग समीक्षकांनी त्या अल्बमशी तुलना केली यात त्यांचे काय चुकले?

रामबागकर

पद्धत नवी आहे असे मी म्हटलेले नाही. त्या वेळात काय घडते हे कोणी सांगत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. पण तुम्ही दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले आहेत आणि ते फार चांगले झाले, कारण त्यामुळे तुलना करायचीच तर ती कशी करावी हे बोलता येईल.

‘डिसइंटिग्रेशन’ मे १९८९ मध्ये आला. स्मिथचा जन्म एप्रिल १९५९ चा, म्हणजे अल्बम येण्याच्या काही दिवस आधी त्याला तीस वर्षे पूर्ण झाली होती. तिशी जवळ येत चालल्याची धास्ती त्या गाण्यांच्या मुळाशी होती, हे त्याने अनेकदा सांगितले आहे. तारुण्य संपेल, माणसे दुरावतील, आपण म्हातारे होऊ, ही तिथली भीती भविष्याची आहे आणि तरुण माणसाची भीती जशी असते तशी ती भव्य आणि सुंदर आहे. ‘प्लेनसाँग’ची सुरुवात एखादे दार उघडावे तशी झगझगीत होते. २०२४ मध्ये तोच माणूस पासष्ट वर्षांचा आहे आणि ज्यांची भीती वाटत होती त्या गोष्टी घडून गेल्या आहेत. ‘एंडसाँग’मध्ये तो चंद्राकडे पाहतो, त्यामागे १९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरला त्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर आकाशाकडे पाहिल्याची आठवण आहे. इथली प्रस्तावना झगमगत नाही; ती जड आहे आणि तिला कुठे पोचण्याची घाई नाही. वेळ दोन्हीकडे घेतलेला आहे, पण तिकडे तो येऊ घातलेल्या गोष्टीसाठी आहे आणि इकडे होऊन गेलेल्या गोष्टीसाठी.

समीक्षकांनी या दोन अल्बमांची जोडी लावून हे सांगितले असते, तर मी हा धागा काढलाच नसता. त्यांनी जोडी लावली आणि क्रमांक दिला.

क्षिप्रा

हे पटले. यामुळे शब्दांचा साधेपणाही समजतो. भीतीचे वर्णन करायला प्रतिमा लागतात. घडून गेलेल्या गोष्टीला त्या लागत नाहीत.

यशवंतनिवास

रामबागकरांच्या या मांडणीत मला आधीच्या तुलनेपेक्षा अधिक सत्य दिसते. ख्यालाशी तुलना करण्याऐवजी एकाच कलावंताच्या दोन वयांची तुलना करणे हे या संगीताच्या प्रकृतीला धरून आहे. तरी द्रुत नसल्याची माझी तक्रार कायम आहे. आठ गाण्यांत एखादे तरी असे हवे होते की ज्यात हा माणूस हसतो. ‘विश’मध्ये त्याने ते सहज केले होते, आणि शोकाच्या अल्बमला ते वर्ज्य आहे असे मला वाटत नाही.

पलासियाचा बेस

त्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. ‘ऑल आय एव्हर ॲम’ची लय हलकी आहे आणि तिथे ती जागा होती, पण गाण्याने ती वापरली नाही. या गाण्याला परीक्षणांतून मिळालेली स्तुती मला आजही अवाजवी वाटते, आणि अल्बमच्या एकंदर गुणवत्तेबद्दल माझे मत रामबागकरांइतकेच अनुकूल असूनही वाटते.

मल्हारगंज तबला

विद्यार्थीमित्रा, आता दोन्ही अल्बम ऐकलेच आहेत, तर तालाच्या दृष्टीने एक काम करा. ‘प्लेनसाँग’मध्ये ढोल बोरिस विल्यम्सचे आहेत, ‘एंडसाँग’मध्ये कूपरचे. दोन्ही गाणी एकापाठोपाठ लावा आणि गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त ढोलांमधली मोकळी जागा ऐका. सुदामानगर यांनी हाफ-स्पीडची तबकडी ऐकली आहे असे दिसते. त्यांच्या मित्राची हरकत नसेल, तर रविवारी तिच्यावरच ऐकू या. मी येईन.

सुदामानगर

मित्राला विचारले. रविवारी संध्याकाळी पाचला चालेल. ‘डिसइंटिग्रेशन’ची तबकडी त्याच्याकडे नाही, कोणाकडे असेल तर घेऊन यावी.

देवास नाका

माझ्याकडे आहे, आणतो. ‘ड्रोन:नोड्रोन’ही पूर्ण ऐकायचे, ही माझी अट आहे.